तारीख मिळेपर्यंतची दिल्ली

'तारीख' हा शब्द दिल्लीत दोनच ठिकाणी फार गांभीर्याने उच्चारला जातो. एक तीस हजारीसारख्या कोर्टात आणि दुसरं अन्सारीनगरला, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या म्हणजे 'एम्स'च्या आवारात. मेट्रोच्या यलो लाईनवर 'एम्स' स्टेशनला उतरून जिना चढून वर आलं, की पहिल्या पाच मिनिटांतच तो कानावर पडतो. "तारीख मिली?" "नहीं, अगले हफ्ते बुलाया है." हातात फायलींची पिशवी, एक्स-रेचं मोठं पाकीट, पाण्याची बाटली. हजारो माणसांचा हा रोजचा पोशाखच म्हणायला हवा.

कॅन्सरच्या पेशंटच्या वाट्याला अनेक तारखा येतात. पण सर्वांत अवघड दिवस असतात ते दोन तारखांच्या मधले. ऑपरेशन झालं आहे, गाठ काढली आहे, टाकेही निघाले आहेत. आता डॉक्टर म्हणतात, रेडिएशन घ्यायचं, पण लगेच नाही. महिन्याने, सव्वा महिन्याने. मग हा महिना काढायचा कुठे आणि कसा? ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबाला घरी जाऊन परत येणं जमतं, कारण गाडीने चार-पाच तासांचाच प्रश्न असतो. पण बिहारच्या दरभंग्याहून किंवा उत्तराखंडच्या डोंगरातून आलेल्या माणसाला ते परवडत नाही. त्याला दिल्लीतच थांबावं लागतं. असा महिना-दीड महिना दिल्लीत मुक्कामाला असलेल्यांचं एक वेगळंच गाव एम्सच्या भोवती वसलेलं आहे. त्या गावाची वस्ती कायम आहे, माणसं तेवढी बदलतात.

एम्सचा जन्म १९५६ सालचा. देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांनी त्यासाठी कंबर कसली होती आणि न्यूझीलंडने पैशाची मोठी मदत केली होती. समोरचं सफदरजंग हॉस्पिटल त्याहून जुनं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकन सैनिकांसाठी ते उभारलं गेलं. ही दोन अवाढव्य रुग्णालयं, मध्ये वाहनांनी ओसंडणारा रस्ता आणि त्याखालचा भुयारी मार्ग. त्या भुयारी मार्गात आणि मेट्रोच्या दारांजवळ रात्री पथाऱ्या पसरलेल्या दिसतात. हिवाळ्यात दिल्लीचा पारा तीन-चार अंशांवर येतो, तेव्हा वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो छापून येतात आणि सरकारतर्फे तात्पुरते निवारे उभे राहतात. फोटो छापून येणं फेब्रुवारीत थांबतं, पथाऱ्या वर्षभर असतात.

ज्यांना जागा मिळते ते विश्रामसदनात राहतात. एम्सच्या आवारात राजगढिया विश्रामसदन आहे, ट्रॉमा सेंटरजवळ पॉवर ग्रिडने बांधलेलं विश्रामसदन आहे. युसुफ सराय आणि गौतमनगरच्या गल्ल्यांत खाजगी खोल्या मिळतात. तिथे घरावर घर चढलेलं, प्रत्येक मजल्यावर चार बिऱ्हाडं आणि जिन्यात औषधांचा वास. मुंबईच्या परळ-दादरची ज्यांना ओळख आहे, त्यांना हे चित्र नवं नाही. टाटा रुग्णालयात येणाऱ्यांसाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला १९६८ सालापासून नाना पालकर स्मृती समिती काम करते आहे. दिल्लीची गरज त्याच जातीची, पण पसारा कितीतरी मोठा, कारण निम्मा उत्तर भारत इथे येतो.

या गावाची बोलीसुद्धा वेगळी आहे. रेडिएशनला इथे सर्रास 'सिकाई' म्हणतात. आपल्याकडे जुनी माणसं 'शेक द्यायचाय' किंवा 'लाईट लावायचीय' म्हणतात ना, तसंच. शब्द घरगुती आहे, त्यामुळे भीती थोडी कमी होते, हे खरं. पण त्याच शब्दामुळे गैरसमजही होतो. शेक म्हणजे दुखणं कमी करण्याचा उपाय, दुखत नसेल तर कशाला घ्यायचा? खरा धोका इथेच आहे. ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी जखम भरलेली असते, भूक लागायला लागते, चेहऱ्यावर तजेला येतो. घरचे म्हणतात, "आता बरी आहे, गाठ तर काढलीच." शेतात पेरणी खोळंबलेली असते, मुलीचं लग्न ठरत आलेलं असतं. आणि पेशंट गावी जातो तो परत येतच नाही. आला तर वर्षभराने, नवी गाठ घेऊन. डोळ्यांना न दिसणाऱ्या ज्या पेशी मागे राहिल्या असतील त्यांच्यासाठी रेडिएशन असतं, हे कुणीतरी त्या महिन्याच्या सुरुवातीलाच घरच्यांना समोर बसवून सांगायला हवं. एम्सच्या बाह्यरुग्ण विभागातली गर्दी पाहिली, की ते सांगायला डॉक्टरांना किती मिनिटं मिळत असतील याचा अंदाज येतो.

मुळात हा थांबा कशासाठी? बहुतेकांना वाटतं, मशीन रिकामं नाही म्हणून. तेही एक कारण आहेच. पण सगळा थांबा रांगेचा नसतो. जखम भरल्याशिवाय किरण दिले तर ती चिघळू शकते. काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजीचा सविस्तर अहवाल यायला वेळ लागतो. कडेपर्यंत आजार होता का, किती लसिकाग्रंथींत पोचला होता, यावर रेडिएशन द्यायचं की नाही, किती द्यायचं हे ठरतं. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हावं, असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये थोडी अधिक सवड असते, आणि मध्ये केमोथेरपी द्यायची असेल तर रेडिएशन काही महिने पुढे जातं. म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या बाईला आपल्या आधी तारीख मिळाली, याचा अर्थ तिची ओळख निघाली असा नसतो. विश्रामसदनात या एका गोष्टीवरून जेवढी कुजबुज होते, तेवढी दुसऱ्या कशावरूनही होत नसेल.

मात्र एक प्रश्न डॉक्टरांना विचारायलाच हवा: "माझ्या बाबतीत जास्तीत जास्त किती दिवस थांबलेलं चालेल?" उत्तर कागदावर लिहून घ्यावं. मिळालेली तारीख त्या मुदतीच्या पलीकडची असेल, तर संकोच न करता पुन्हा जाऊन विचारावं, दुसरीकडे पाठवता येईल का म्हणून. दिल्लीत त्यासाठी पर्याय आहेत. समोर सफदरजंग आहे, दिलशाद गार्डनला दिल्ली सरकारची कॅन्सर संस्था आहे, रोहिणीत १९९६ पासूनचं राजीव गांधी कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, अर्थात तिथला खर्च सरकारीपेक्षा जास्त. आणि एम्सचंच धाकटं भावंड आहे हरियाणात.

हे धाकटं भावंड म्हणजे झज्जर जिल्ह्यातल्या बाढसा गावची राष्ट्रीय कॅन्सर संस्था. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिचं उद्घाटन झालं, सातशेहून अधिक खाटांची तिची आखणी. अन्सारीनगरपासून अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. गुरुग्रामच्या काचेच्या इमारती मागे पडल्या की अचानक दोन्ही बाजूंना गहू आणि मोहरीची शेतं लागतात, म्हशी दिसतात, आणि मग त्या सपाट माळावर एकदम हे प्रचंड रुग्णालय उभं राहतं. जानेवारीत गेलं तर मोहरीच्या पिवळ्या फुलांनी डोळे निवतात. सुरुवातीला इथे पेशंट यायला नाखूश असायचे. 'दिल्ली सांगून जंगलात पाठवलं,' अशी तक्रार असायची. राहायची सोय नसणं हे तिचं मोठं कारण होतं. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी इन्फोसिस फाउंडेशनने बांधलेलं ८०६ खाटांचं विश्रामसदन इथे सुरू झालं. सुधा मूर्ती तेव्हा फाउंडेशनच्या अध्यक्षा होत्या. देशात लशीच्या शंभर कोटी मात्रा पूर्ण झाल्या तोही हाच दिवस, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत विश्रामसदनाच्या वाट्याला फारशी जागा आली नाही. पण ज्यांच्या डोक्यावर छप्पर आलं, त्यांना बातमीशी काय देणंघेणं!

आता त्या रिकाम्या महिन्याबद्दल. तो वाटतो तेवढा रिकामा नसतोच. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बायका विश्रामसदनाच्या व्हरांड्यात भिंतीसमोर उभ्या राहून बोटं वर वर चालवताना दिसतात, कोळी भिंतीवर चढतो तशी. आज बोट जिथवर पोचलं तिथे पेन्सिलीने खूण करायची, उद्या तिच्यावर जायचं. हा खेळ नव्हे. काखेतल्या गाठी काढल्यावर खांदा आखडतो. रेडिएशनच्या टेबलावर तर हात डोक्यामागे नेऊन न हलता पडून राहायचं असतं. हात वर गेला नाही तर पुढचं सगळं अडतं. त्याच हाताने केस विंचरणं हाही चांगला व्यायाम, केमोने केस गेले नसतील तर. हाताला सूज येतेय का यावर लक्ष ठेवायचं, त्या हातावर भाजू-कापू द्यायचं नाही, जड पिशव्या दुसऱ्या हातात.

तोंडाच्या कॅन्सरवाल्यांची शाळा वेगळी. ऑपरेशननंतर जबडा मिटत जातो. मग आईस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, दर दोन-चार दिवसांनी एक काडी वाढवायची. खिशात काड्यांची जुडी बाळगणारी माणसं एम्सच्या बागेत दिसली तर नवल वाटायला नको. दुसरं काम दातांचं. किडके दात रेडिएशनआधीच काढून टाकावे लागतात, कारण नंतर जबड्याच्या हाडाची जखम भरून येण्याची ताकद कमी होते. दात काढल्यावर जखम भरायला दोन आठवडे तरी द्यावे लागतात. म्हणजे महिना हातात आहे म्हणून दंतवैद्याकडे जाणं शेवटच्या आठवड्यावर ढकललं, की तारीख आपल्याच हाताने पुढे जाते. आणि तंबाखू? ज्या गोष्टीने इथवर आणलं तिची पुडी काही जण अजूनही शर्टाच्या आत जपून ठेवतात. त्यांना ओरडून उपयोग नसतो, सवय चाळीस वर्षांची असते. दिल्ली विद्यापीठातल्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून २०१६ पासून तंबाखू सोडवणारी मोफत दूरध्वनी सेवा चालते, क्रमांक १८००-११-२३५६. हा रिकामा महिना तो नंबर फिरवायला चांगला.

उरलेला वेळ खायला उठतो तो संध्याकाळी. अशा वेळी दिल्लीसारखं शहर नाही. पंधरा मिनिटं चाललं की पाचशे-सहाशे वर्षं मागे जाता येतं, तेही पदरचे फार पैसे न मोडता. ग्रीन पार्कच्या पुढे डिअर पार्क आहे. सपाट वाटा, बसायला बाकं, जाळीपलीकडे हरणं. ऑपरेशननंतर हळूहळू चालणं वाढवायचं असेल तर याहून बरी जागा नाही. पलीकडेच हौज खासचा तलाव. अल्लाउद्दीन खिलजीने आपल्या सिरी शहराला पाणी मिळावं म्हणून तो खोदवला. हाच तो १२९६ मध्ये देवगिरीवर चालून आलेला अल्लाउद्दीन. यादवांच्या देवगिरीचं किती सोनं या मातीत मुरलं असेल, हा विचार मराठी माणसाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. तलाव पुढे गाळाने भरला, तो फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात उपसवला आणि काठावर मदरसा बांधला. त्याची स्वतःची कबरही तिथेच. मदरशाच्या सज्ज्यात बसून पाण्याकडे बघत अर्धा तास सहज जातो. पायऱ्या मात्र जपून चढाव्या.

मेट्रोने दोन स्टेशनं पुढे जोरबागला गेलं की सफदरजंगची कबर. ज्याच्या नावाचं हॉस्पिटल रोज डोळ्यांसमोर असतं, तो हा अवधचा नबाब. त्याने १७५२ मध्ये मराठ्यांशी करार केला, अब्दालीपासून बादशहाला वाचवण्यासाठी. ही कबर बांधली त्याच्या मुलाने, शुजाउद्दौल्याने, आणि तोच मुलगा १७६१ मध्ये पानिपतावर अब्दालीच्या बाजूने उभा राहिला. बापाचा करार मुलाने असा फिरवला! वास्तू मात्र देखणी आहे, आणि बाग शांत.

जिभेचे चोचले पुरवायचे तर एका स्टेशनवर आयएनए. तिथल्या बाजारात कढीपत्ता, ओला नारळ, ताजी मासळी मिळते. दिल्लीच्या इतर भाज्यावाल्यांकडे ओल्या नारळासाठी वणवण करावी लागते, हे तिथे संसार केलेल्या कोणत्याही मराठी बाईला विचारा. रस्त्यापलीकडे १९९४ मध्ये सुरू झालेलं दिल्ली हाट. तिथे राज्याराज्यांचे खाण्याचे स्टॉल आहेत आणि महाराष्ट्राचाही असतो. मात्र ज्यांच्या तोंडाचं ऑपरेशन झालंय त्यांच्यासमोर वडापाव खाऊ नये, एवढं तारतम्य सोबत्याने ठेवावं. नाकातल्या नळीतून मूगडाळीचं पातळ पाणी घेणाऱ्या माणसाला वास तर येतोच.

आणखी एक ठिकाण मुद्दाम सांगण्यासारखं. रिंग रोडने पश्चिमेला गेलं की मोतीबाग साहिब गुरुद्वारा लागतो. गुरू गोविंदसिंग १७०७ मध्ये दिल्लीला आले तेव्हा त्यांचा तळ इथे होता, अशी श्रद्धा आहे. पुढच्याच वर्षी नांदेडला गोदावरीकाठी त्यांचा शेवट झाला. ज्या ग्रंथासमोर इथे माथा टेकतात त्यात आपल्या नामदेवांची पदंही आहेत. लंगरला कुणी जात विचारत नाही, आजारही विचारत नाही. रुग्णालयाच्या गावात दिवसभर 'कौन सा स्टेज है' ऐकून कान किटलेल्या माणसाला, न विचारता वाढलेली डाळरोटी किती गोड लागत असेल!

न बोलता येणारी भीती मात्र रात्री येते. थांबलोय त्या दिवसांत आजार वाढत तर नसेल? रेडिएशन घेतल्यावर नातवंडांना जवळ घेता येईल का? दिल्लीकरांना या दुसऱ्या भीतीचं खास कारण आहे. एप्रिल २०१० मध्ये मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० पोचलं होतं. दिल्ली विद्यापीठातलं एक जुनं यंत्र भंगारात विकलं गेलं, ते फोडणारे कामगार आजारी पडले आणि एकाचा जीव गेला. ती आठवण अजून निघते. पण तो उघडा पडलेला किरणोत्सारी पदार्थ होता. उपचारात बाहेरच्या यंत्रातून किरण सोडतात, यंत्र बंद झालं की किरण संपले. अंगात काही उरत नाही. पेशंट बाहेर येऊन खुशाल नातवाला मांडीवर घेऊ शकतो. हे एवढं जरी आधी कळलं तरी अर्धी झोप परत येते.

ऐकून घेणारंही कुणी लागतं. हरमाला गुप्ता यांनी स्वतः कॅन्सरमधून बऱ्या झाल्यावर १९९१ मध्ये दिल्लीत 'कॅन्सर सहयोग' हा आधारगट सुरू केला आणि १९९६ मध्ये 'कॅनसपोर्ट' ही संस्था. कॅनसपोर्टची डॉक्टर, नर्स आणि समुपदेशकांची पथकं दिल्ली परिसरात घरोघर मोफत जातात. स्वतः त्यातून गेलेली बाई समोर बसली की पेशंटच्या तोंडून जे निघतं, ते नवऱ्यासमोर निघत नाही. नवऱ्याचंही तसंच. खोलीभाडं, सुटी, सावकार हे त्याचे विषय असतात आणि ते तो बायकोसमोर काढत नाही. दोघं एकमेकांना सांभाळण्याच्या नादात महिनाभर हवापाण्यावर बोलत राहतात. ताप आला, टाक्यांतून पू आला, हात एकाएकी सुजला, तर तेही एकमेकांपासून लपवतात. हे मात्र चालणार नाही. अशा वेळी तारखेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं.

अखेर बोलावणं येतं. पहिल्या दिवशी शेक मिळत नाही, मोजमाप होतं. तोंड-मानेच्या पेशंटसाठी प्लॅस्टिकचा जाळीदार पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात. काही मिनिटांत तो थंड होऊन चेहऱ्याचा साचा बनतो. तो लावून रोज त्याच जागी, तसंच झोपायचं. श्वास घेता येतो, पण पहिल्यांदा जीव घाबरतो. आधी सांगून ठेवलेलं बरं. छातीवर शाईच्या खुणा किंवा बारीक ठिपके करतात, ते घासून धुवायचे नाहीत. मग सीटी स्कॅनवरून डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञ आराखडा आखतात, त्यात आणखी काही दिवस जातात. प्रत्यक्ष किरण मात्र मिनिटांचं काम, आणि दुखत काहीच नाही. बहुतेक ठिकाणी सोमवार ते शुक्रवार रोज एक बैठक. तोंडाच्या कॅन्सरला ऑपरेशननंतर साधारण तीस बैठका, म्हणजे सहा आठवडे. स्तनासाठी पूर्वी पंचवीस लागत, आता बऱ्याच जणींचं पंधरा-सोळांत भागतं.

पहिल्या बैठकीचा दिवस पक्का झाला, की शेवटचा बोटांवर मोजता येतो. सोबतचा मुलगा त्याच दुपारी रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म रुग्णालयातून सही-शिक्क्यानिशी घेतो. कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री टायर एसीत भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एकाला पंचाहत्तर टक्के. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण साठ दिवसांवर आलं आहे, तेव्हा सहा आठवड्यांनंतरचं तिकीट आजच काढता येतं. सांगली-मिरजेकडच्यांची गोवा एक्स्प्रेस हजरत निजामुद्दीनहून सुटते, ग्वाल्हेरवाल्यांना तर गाड्याच गाड्या. फक्त शेवटच्या बैठकीनंतर तीन-चार दिवस हातचे राखून तिकीट काढावं. मध्ये सणाची सुटी येते, कधी मशीन बंद पडतं, आणि बैठक पुढे सरकते.